न लिहिलेल्या ज्ञानाचा मालक कोण?

(नवदीक्षित कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज जो विषय मी तुमच्यापुढे मांडणार आहे तो कायद्याचा आहे, आणि कायद्याचे नाव काढले की ऐकणारा माणूस भिंतीला टेकून बसतो, हे मला ठाऊक आहे. परंतु हा विषय कचेरीत सुरू होत नाही, तुमच्या घरात सुरू होतो. घरातील म्हाताऱ्या माणसास ठाऊक असलेला पाला, मुळी, साल. बाळंतिणीस द्यावयाचा काढा. कातडे कमावण्याची रीत. ह्या सर्वांची मालकी कोणाची, असा तो प्रश्न आहे. जगातील न्यायकचेऱ्यांत ह्या प्रश्नावर वर्षानुवर्षे दावे चालले आहेत. त्यांत मोठमोठ्या कंपन्या उतरल्या आहेत, सरकारे उतरली आहेत. ज्यांच्या तोंडून ते ज्ञान प्रथम निघाले ती माणसे मात्र बहुधा दाराबाहेर उभी असतात. दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्यातील कोणास समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रथम पेटंट म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. एखाद्याने नवी युक्ती शोधून काढली तर सरकार त्यास काही मुदतीपुरता मक्ता देते. ही मुदत आता बहुतेक देशांत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. त्या मुदतीत दुसऱ्या कोणी ती वस्तू त्याच्या परवानगीवाचून करावयाची नाही, विकावयाची नाही. ह्याच्या बदल्यात त्याने आपली युक्ती कागदावर उघड करावयाची. हा व्यवहार मुळात अन्यायाचा आहे असे मी म्हणत नाही. ज्याने डोके शिणविले, पैसा घातला, त्यास मोबदला मिळू नये असे कोण म्हणेल? परंतु साऱ्या व्यवहाराचा पाया एका शब्दावर आहे. तो शब्द 'नवे' हा होय. जे लोकांस आधीपासून माहीत आहे त्यावर मक्ता मिळत नाही. मग मी तुम्हांस विचारतो, कोणत्या लोकांस माहीत असले म्हणजे ते 'माहीत' समजावयाचे?

ह्या प्रश्नाचे अमेरिकेच्या १९५२ च्या पेटंट कायद्याने दिलेले उत्तर ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेत एखादी गोष्ट लोकांस ठाऊक असेल किंवा वापरात असेल, तर ती जुनी. परदेशात मात्र ती नुसती वापरात असून भागत नसे. तेथे ती छापलेली असावी लागे किंवा तिच्यावर आधीच पेटंट झालेले असावे लागे. म्हणजे भारतातील कोट्यवधी घरांत एखादी गोष्ट रोज घडत असली, पण ती कोणी छापून ठेवली नसली, तर अमेरिकन कायद्याच्या दृष्टीने ती घडतच नव्हती. हा भेद २०११ च्या सुधारणेने काढला आणि ती सुधारणा मार्च २०१३ मध्ये अंमलात आली. तोपर्यंत साठ वर्षे हाच कायदा होता.

ह्याच कायद्याखाली २८ मार्च १९९५ रोजी हळदीवर पेटंट दिले गेले. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास ते मिळाले. त्यावर शोधक म्हणून ज्या दोघांची नावे होती ते मूळचे भारतीयच होते. शोध कोणता? हळदीची पूड लावली असता जखम भरून येते, हा. तुमच्यातील एकही बाई अशी नसेल की जिने पोराच्या फुटलेल्या गुडघ्यावर हळद दाबली नाही. आपल्या देशाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये ह्या पेटंटास आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर होते, गोव्यातील माशेल गावचे. त्यांच्या परिषदेने बत्तीस लेखी आधार पुढे ठेवले. त्यांत संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथ होते, आणि भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली छापलेला एक लेखही होता. १९९७ मध्ये अमेरिकन पेटंट कचेरीने पेटंट रद्द ठरविले.

दुसरा खटला कडुनिंबाचा. कडुनिंबाच्या तेलाने पिकावरील बुरशी आटोक्यात आणण्याच्या रीतीवर डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी आणि अमेरिकेचे शेतकी खाते ह्यांना १९९४ मध्ये युरोपात पेटंट मिळाले होते. ते २००० साली रद्द झाले आणि कंपनीचे अपील ८ मार्च २००५ रोजी फेटाळले गेले. युरोपचा कायदा निराळा. कोणत्याही देशातील उघड वापर तेथे पुरावा म्हणून चालतो. तेव्हा महाराष्ट्रातील एका कारखानदाराची साक्ष तेथे उपयोगी पडली. कडुनिंबाचा अर्क काढून १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात येथील शेतांवर त्याच्या चाचण्या झाल्या होत्या, हे त्याने शाबीत केले. चाचण्यांच्या तारखा होत्या, साक्ष देणारा माणूस होता. पिढ्यान्‌पिढ्या धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालणाऱ्या शेतकरणीजवळ तारीख कोठून असणार?

ह्या दोन्ही लढाया देशाने जिंकल्या ह्याचा मला आनंद आहे. पण विजयाच्या आनंदात एक गोष्ट नजरेआड होऊ देऊ नका. हळदीच्या खटल्यात साक्षीला कोण उभे राहिले? ग्रंथ. ज्या ग्रंथांची भाषा शिकण्यास आपल्या पूर्वजांना मनाई होती, ज्यांच्या जवळ जाण्यासही मनाई होती, ते ग्रंथ. पुढे २००१ साली सरकारने पारंपरिक ज्ञानाचा अंकीय ग्रंथसंग्रह बांधावयास घेतला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध वगैरे पद्धतींच्या ग्रंथांतील चार लाखांहून अधिक योग त्यात पाच परकीय भाषांत नोंदवून ठेवले आहेत आणि परदेशी पेटंट कचेऱ्यांस ते पाहण्याची सोय करून दिली आहे. काम मोठे आहे. त्यामुळे कित्येक खोटे अर्ज अडले. परंतु हा संग्रह मुख्यतः ग्रंथांवरून केलेला आहे. सुईणीच्या हातात जे होते, धनगराने मेंढरांच्या मागे फिरताना जे ओळखले, कातकऱ्याने जंगलात जे चाखून पाहिले, ते कोणत्या ग्रंथात असणार? गावची सुईण बहुधा कोणत्या वस्तीतून येई, हे मी तुम्हांस सांगावयास नको. तिच्या हाताने अख्ख्या गावाची पोरे जन्मास आली, आणि नंतर तिचा हात विटाळाचा ठरला. तिचे ज्ञान कोणी लिहून घेतले?

लिहून न ठेवलेल्या ज्ञानाचे काय होते ते पाहावयाचे तर आपल्यास आफ्रिकेत जावे लागेल. तेथील उदाहरण आपल्याहून अधिक उघडेनागडे आहे, म्हणून मी त्यावर थोडा अधिक वेळ घेणार आहे.

कालाहारीच्या ओसाड प्रदेशात सान नावाचे लोक राहतात. गोऱ्यांनी त्यांना 'बुशमन', म्हणजे झुडपातली माणसे, असे नाव ठेवले. आपली जमीन त्यांच्या हातातून गेली, शिकारीचे रान गेले, एके काळी गोऱ्या वसाहतवाल्यांनी जनावरांसारखी त्यांचीच शिकार केली. ह्या लोकांस हुडिया नावाच्या एका काटेरी, मांसल वनस्पतीचा गुण ठाऊक होता. शिकारीच्या लांब वाटेवर तिचा तुकडा चघळला की भूक आणि तहान भागते. ही गोष्ट एका संशोधकाने १९३७ मध्ये टिपून ठेवली. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी संशोधन परिषदेने (तिचे नाव नेमके आपल्याच परिषदेचे आहे) १९६३ पासून ती वनस्पती अभ्यासली आणि १९९५ मध्ये तिच्यातील भूक मारणाऱ्या द्रव्यावर पेटंटासाठी अर्ज केला. लठ्ठपणावरील औषध म्हणून त्याचा परवाना प्रथम एका इंग्रज कंपनीस आणि १९९८ मध्ये तिच्यामार्फत फायझर ह्या बलाढ्य अमेरिकन कंपनीस गेला. एकीकडे उपासमारीवरील उपाय, दुसरीकडे अतिखाण्यावरील उपाय, आणि वनस्पती एकच! ह्या सबंध व्यवहारात सान लोकांस कोणी एक शब्द विचारला नाही. २००१ मध्ये प्रकरण वर्तमानपत्रांत फुटले, तेव्हा इंग्रज कंपनीच्या प्रमुखाने खुलासा केला की ते लोक आता उरले नाहीत अशी आपली समजूत होती. त्या वेळी सुमारे एक लाख सान जिवंत होते.

ह्या खुलाशावर मी अनेकदा विचार केला आहे. त्या गृहस्थाने खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही. मला त्याहून भयंकर वाटते ते हे की तो खरेच तसे समजत असेल. ज्या समाजाचे नाव कोणत्या कागदावर नाही, ज्याचा कोणी प्रतिनिधी नाही, तो जिवंत असून नसल्यासारखाच.

पण सान लोक स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी आपली परिषद उभी केली, वकील दिला, आणि मार्च २००३ मध्ये सरकारी संशोधन परिषदेशी लेखी करार केला. औषधाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर जी रक्कम येईल तिचे ८ टक्के आणि स्वामित्वशुल्काचे ६ टक्के त्यांना मिळावयाचे ठरले. करार झाला त्याच वर्षी फायझरने काम सोडले. पुढे युनिलिव्हर कंपनी आली, तिनेही २००८ मध्ये हात काढून घेतला. औषध बाजारात आलेच नाही. टक्केवारी मिळाली, पण कशाची? फारच थोड्या रकमेची.

येथे कथा संपली असती तर मी ती तुम्हांस सांगितली नसती. हुडियाच्या भांडणासाठी उभी राहिलेली परिषद टिकली. त्याच देशात रॉयबोस नावाची एक लाल चहासारखी वनस्पती मोठ्या प्रमाणावर पिकते आणि जगभर विकली जाते. तिच्या उपयोगाचे ज्ञान सान आणि खोई लोकांचे, हे त्या परिषदेने लावून धरले. नोव्हेंबर २०१९ मध्ये सबंध रॉयबोस उद्योगाशी करार झाला. मळ्यावर पिकास जो भाव मिळेल त्याच्या दीड टक्का रक्कम दरवर्षी ह्या दोन समाजांस द्यावयाची. दरम्यान २०१७ मध्ये सान लोकांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता तयार केली. आमच्याकडे येऊन विचारावयाचे असेल तर आधी ही वाचा, असे त्यांनी विद्यापीठांस सांगितले. ज्यांना कंपनीने नामशेष समजले होते त्यांनी!

आपल्या देशात असा एक प्रयोग त्यापूर्वीच झाला होता. केरळात अगस्त्य पर्वताच्या जंगलात कानी नावाची आदिवासी जमात आहे. १९८७ मध्ये काही शास्त्रज्ञ त्या जंगलात हिंडत होते. चढणीने ते दमले, पण वाट दाखविणारे कानी तरुण मधून मधून एक फळ खात आणि ताजेतवाने राहत. ती वनस्पती कोणती हे सांगण्यास ते प्रथम तयार नव्हते. जमातीबाहेर ते सांगावयाचे नसते. अखेर त्यांनी ती दाखविली. पालोडे येथील वनस्पती संशोधन संस्थेने तिच्यापासून 'जीवनी' नावाचे शक्तिवर्धक औषध तयार केले. १९९५ मध्ये कोईमतूरच्या एका औषध कंपनीस १० लाख रुपये आणि २ टक्के स्वामित्वशुल्क ह्या अटींवर ते करण्याचा परवाना दिला, आणि जे मिळेल त्यातील निम्मे कानी लोकांचे असे ठरविले. कोणत्याही कायद्याची सक्ती नसताना संस्थेने हे केले, हे तिच्या नावे लिहून ठेवले पाहिजे. परंतु पैसे द्यावयाचे कोणाच्या हाती? जमातीची नोंदलेली संस्थाच नव्हती. १९९७ च्या नोव्हेंबरात कानी लोकांचा न्यास नोंदला गेला, आणि १९९९ मध्ये ५ लाख १९ हजार रुपये त्यात जमा झाले. म्हणजे ज्ञान देऊन झाल्यावर पैसा हातात पडेपर्यंत बारा वर्षे. मधल्या काळात जंगलातून त्या वनस्पतीची पाने गोळा करण्यास वनखात्याने हरकत घेतली. जमातीतील काही वैदूंनी तर मुळातच विरोध केला; आम्हांस न विचारता दोनचार तरुणांनी सर्वांचे ज्ञान कसे दिले, असा त्यांचा सवाल होता. तो सवाल मला रास्त वाटतो. सामूहिक मालकीच्या वस्तूस संमती कोणी द्यावयाची, हे आधी ठरलेले नसेल तर चांगल्या माणसाच्या हातूनही अन्याय होतो.

आता आपल्या दाराशी येऊ.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी असे सांगितले आहे. गावच्या वनस्पती, जनावरे आणि त्यांविषयी लोकांस असलेले ज्ञान तिच्यात नोंदवावयाचे. २००४ च्या नियमांत समितीच्या सभासदांपैकी एक तृतीयांश स्त्रिया आणि निदान १८ टक्के अनुसूचित जातिजमातींचे असावेत असे घातले होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ह्या वह्या पुऱ्या करण्यास ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली, आणि मुदत चुकविणाऱ्या राज्यांस दंड सांगितला. दंडाचे भय पडल्यावर सरकारी काम कोणत्या गतीने होते ते तुम्ही जाणता. अनेक ठिकाणी ठेका घेतलेली माणसे आली, रकाने भरले आणि गेली. तुमच्या वस्तीत कोणी आले होते काय? म्हाताऱ्या सुईणीस कोणी विचारले काय? विचारले असेल तर वहीत तिचे नाव घातले, की नुसते 'ग्रामस्थांकडून' एवढेच लिहिले?

वहीचे दोन्ही अंग समजून घ्या. जे लिहिले जाते ते जपले जाते, पण जे लिहिले जाते ते वाचणाऱ्याच्या हातीही पडते. वहीतील ज्ञान कोणास दाखवावयाचे, कोणत्या अटीवर, हे विचारल्याशिवाय घरातील शेवटची गोष्ट सांगू नका, असे मी म्हणेन. ह्यात लपवाछपवी नाही. कारखानदार आपली कृती कुलपात ठेवतो, त्यास कोणी लपवाछपवी म्हणत नाही.

आणखी एक गाठ कायद्यात आहे. देशी औषध कंपन्यांनाही नफ्यातील वाटा द्यावा लागेल, असा निर्णय उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला होता. २०२३ च्या दुरुस्तीने त्यातून बरेच काही वगळले. जे ज्ञान मान्य ग्रंथांत नोंदलेले आहे ते वापरणाऱ्या देशी कंपनीस आता वाटा देण्याचे बंधन राहिले नाही. ग्रंथातले ज्ञान सर्वांचे, तेव्हा कोणाचेच देणे नाही, असा त्यामागचा विचार. परंतु ग्रंथकाराने तरी ते ज्ञान कोठून घेतले? रानातून मुळी आणून देणारा कोण होता? देणे लागते ते आता मुख्यतः ग्रंथाबाहेरच्या, लोकांच्या तोंडी असलेल्या ज्ञानाबद्दल. म्हणजे ज्यांच्याजवळ कागद नाही त्यांनाच आपला हक्क शाबीत करावयाचा आहे. जिनिव्हा येथे २४ मे २०२४ रोजी जो आंतरराष्ट्रीय करार संमत झाला त्यात पेटंट मागणाऱ्याने ते ज्ञान कोणत्या समाजाकडून घेतले हे सांगितले पाहिजे असे कलम आहे. १५ देशांनी मान्यता दिल्यावर तो लागू व्हावयाचा अशी तरतूद त्यात आहे. कलम चांगले आहे. पण विचारणाऱ्यास समाजाचे नाव ठाऊक असेल तरच तो ते लिहील.

येथे तुमच्यापैकी काही तरुण मनात म्हणत असतील, ही जुनी कामे, जुने पाले आम्ही सोडून आलो, आता पुन्हा त्यांचे नाव कशाला? शंका खरी आहे, आणि तिला उत्तर दिले पाहिजे. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडावयास सांगितले, गावकीची लादलेली कामे सोडावयास सांगितले, ते योग्यच होते. गंडा, दोरा, अंगारा टाकला तेही योग्यच. पण मंत्र टाकताना पाल्याचा गुणही टाकला पाहिजे असे नाही. पाल्याने ताप उतरतो की नाही हे तपासून पाहता येते. मंत्राचे तसे नाही. लादलेले काम सोडणे हा आपला हक्क आहे, आणि त्या कामात पिढ्यांनी मिळविलेल्या ज्ञानावर मालकी सांगणे हाही आपलाच हक्क आहे. एकाने दुसरा रद्द होत नाही.

कोल्हापुरी चपलेचे पाहा. बाभळीची साल आणि हिरडा ह्यांत कातडे कमावणारे ढोर, चप्पल बांधणारे चांभार, वेणी घालणाऱ्या त्यांच्या घरच्या बाया. गावाने त्यांचा वास सहन केला नाही, चप्पल मात्र मिरविली. २०१९ मध्ये ह्या चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर ह्या आठ जिल्ह्यांसाठी. मालक म्हणून नोंद दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांची आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलान येथे तशाच चपला दाखविल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. देशभर ओरड झाली, तेव्हा कंपनीने मूळ कबूल केले. पण कायद्याने काय झाले? मानांकनाने रक्षण होते ते नावाचे. आणि ते नाव तर कंपनीने वापरलेच नव्हते. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका नेली. तुम्ही मानांकनाचे मालक नाही, ज्यांचा हक्क आहे त्यांनी यावे, असे सांगून जुलै २०२५ मध्ये ती फेटाळली गेली. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने दोन्ही महामंडळांशी करार केला. त्याप्रमाणे सुमारे ८०० युरो किमतीचे २,००० जोड ह्याच भागात करून घ्यावयाचे ठरले.

त्या ८०० युरोंतील किती वेणी घालणाऱ्या बाईच्या हाती पडावयाचे, हे विचारण्याचा अधिकार कोणास? मानांकनाच्या नोंदवहीचे दोन भाग असतात. पहिल्यात मालक, दुसऱ्यात अधिकृत वापरकर्ते. जो माणूस खरोखर ती वस्तू करतो त्याने आपले नाव दुसऱ्या भागात घालून घ्यावयाचे असते, त्याशिवाय कायद्याच्या नजरेत तो त्या वस्तूचा कोणीही नाही. अर्जाचा नमुना जी. आय. ३ हा आहे, तो चेन्नई येथील नोंदणी कचेरीकडे करावा लागतो, आणि नोंद दहा वर्षे टिकते. ज्या कुटुंबांत हे काम आजही चालते, मग ते धम्मात आलेले असोत वा नसोत, त्यांच्या घरी जाऊन हा अर्ज भरून देण्यास लिहितावाचता येणारी दोन माणसे प्रत्येक शाखेने द्यावीत, अशी माझी विनंती आहे. अर्जावर नाव घालताना घरच्या पुरुषाबरोबर बाईचेही घालावे.